माळ काढू की मोबाईल?

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. माहेर माळकरी, सासर माळकरी, स्वतःच्या गळ्यातही लग्नाआधीपासून तुळशीची माळ. घरी रोज दिवेलागणीला हरिपाठ होतो. सासरे टाळ धरतात, सासूबाई मागे म्हणतात. "हरिपाठ झाला की आठच्या मालिका. त्या सगळे बघतात, मी पोळ्या लाटत ऐकते." जेवणं, मागचं आवरणं, सकाळच्या डब्यांची तयारी झाली आणि घर झोपलं की साडेअकराला या मोबाईल घेतात आणि गुन्ह्यांच्या वेबसिरीज बघतात. "पांघरुणात, एका कानात इअरफोन, ब्राइटनेस अगदी खाली. दिवसभरातला माझा म्हणावा असा तेवढाच वेळ." झोपायला दीड वाजतो. सध्याच्या सिरीजमधली बाई इन्स्पेक्टर त्यांना फार आवडते. ती मेलेल्या मुलीच्या आईशी बोलते तो प्रसंग त्यांनी तीनदा पाहिला. पण आता हरिपाठात ओठ चालतात आणि डोक्यात कालचा खून असतो. मागच्या महिन्यात त्यांनी सोळा वर्षांच्या मुलीला एका विनोदी सिरीजवरून झापलं, कारण तीत भजनी मंडळाची टिंगल होती. चारच दिवसांनी मुलगी रात्री पाणी प्यायला उठली आणि तिला पांघरुणातला उजेड दिसला. ती बोलली काही नाही, नुसती हसली. त्या दिवसापासून ती हरिपाठाला बसत नाही. ताई विचारतात: "माळकऱ्याने असलं बघावं का? मला हे पाप वाटतं, पण सुटत नाही. माळ काढून ठेवू की मोबाईल? आणि मुलीला कुठल्या तोंडाने काय सांगू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. खून, पाप, माळ असे मोठमोठे शब्द त्यात आहेत, पण दोन्ही वेळा मी अडखळले ती ब्राइटनेसवर. त्याकडे येतेच. आधी माळेचं मिटवू, त्याला फार वेळ लागायचा नाही.

माळ राहू द्या. ज्ञानेश्वरीवर ठेवलेली ती माळ महाराजांनी तुमच्या गळ्यात घातली, तेव्हा काय काय कबूल केलं होतंत ते आठवा. मांस-मद्य नाही, एकादशी धरायची, जमेल तशी वारी, रोजचा हरिपाठ, खोटं बोलायचं नाही. पडद्यावर काय बघायचं याची यादी कुणी दिली नव्हती. म्हणून वाटेल ते बघायला परवानगी मिळाली असं मी म्हणत नाही. पण मन विचलित झालं की माळ उतरवायची, असा हिशोब धरला तर आषाढीच्या वारीत माळ घातलेला माणूस शोधावा लागेल. आणि माळ काढल्याने मोबाईल सुटेल हे गणित तुम्ही कसं मांडलंत, तेही मला कळलं नाही. गळ्यात आहे तोवर निदान टोचते तरी.

आता 'असलं'. असलं म्हणजे कसलं? तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ती तुम्ही सहज लिहून पुढे गेलात: हरिपाठ झाला की आठच्या मालिका. टाळ अजून पिशवीत जायचे असतात आणि समोर सुनेच्या दुधात काहीतरी कालवणारी जाऊ सुरू झालेली असते. मग मृत्युपत्र बदलणारा दीर, दाराआडून ऐकणारी आत्या, जिन्यावर सांडलेलं तेल. महिन्याभराचे अपराध मोजले तर तुमच्या बाई इन्स्पेक्टरला बदली मागून घ्यावी लागेल. पण मधूनमधून देवघर दिसतं, कपाळावर ठसठशीत कुंकू असतं, गणपतीत खास लांबलचक भाग असतो, म्हणून ते 'घरात बसून बघण्यासारखं'. त्याबद्दल तुम्ही मला पत्र लिहिलं नाहीत. मी मालिकांना नावं ठेवायला बसलेले नाही. दोन मीही बघते, कुठल्या ते विचारू नका. मला एवढंच दिसतं की आपली चाळणी वरचा रंग बघून चालते आणि आत काय आहे ते तसंच खाली गळतं.

कीर्तन म्हणून फॉरवर्ड होणाऱ्या क्लिपांचंही तेच. गळ्यात वीणा आहे, मागे टाळकरी उभे आहेत, आणि मिनिटभर चाललंय काय, तर मुलींच्या कपड्यांवर आणि सुनांच्या आळसावर टाळ्याखाऊ विनोद. ती करमणूकच आहे, आणि फारशी चांगल्या जातीची नाही. पण ती सासऱ्यांना पाठवताना कुणाचा हात अडखळत नाही.

भक्ती एका बाजूला, करमणूक दुसऱ्या बाजूला आणि मध्ये भिंत, हे चित्र आपल्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे. आपल्याकडच्या इतिहासात तरी मला ती भिंत सापडत नाही. ज्या तमाशाचं नाव घेतल्यावर माळकरी घरात कपाळावर आठी चढते, तो गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने सुरू होतो. मग गवळण, आणि गवळणीत खुद्द कृष्णाची मावशीकडून जी काय थट्टा होते ती ऐकली असेलच तुम्ही. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी काय केलं? वासुदेव, गोंधळी, जोशी, पोतराज, जोगवा मागणारी, असे सगळे दारोदार फिरणारे लोक उचलले आणि त्यांचाच ठेका, त्यांचीच भाषा घेऊन भारूड रचलं. विंचू चावला म्हणून थयथयाट करणाऱ्या बाईला लोक आजही आधी हसतात, आणि हसता हसता कळतं की विंचू काम-क्रोधाचा आहे आणि तो आपल्यालाही चावलाय. लोक जिथे हसायला जमत होते तिथे नाथ गेले. आधी सोवळं नेसून या, मग सांगतो, असं म्हणाले नाहीत.

उलट दिशेनेही ये-जा होती. संगमनेरचे अनंत फंदी फडावर नाव काढलेले शाहीर. सांगतात की अहिल्याबाई होळकरांनी कान टोचले आणि ते कीर्तनाकडे वळले. वळले खरे, पण त्यांचा तो प्रसिद्ध फटका म्हणून बघा, धोपट मार्ग सोडू नको म्हणणारा. उपदेश कीर्तनकाराचा आहे आणि खाली वाजतोय तो डफ.

सिनेमाही याला अपवाद नाही. फाळके येशूच्या जीवनावरचा चित्रपट बघायला गेले आणि तो बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि राम उभे राहू लागले, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. त्यातून १९१३ साली आपला सिनेमा सुरू झाला. पुढे १९३६ मध्ये प्रभातने 'संत तुकाराम' काढला. त्यातलं 'आधी बीज एकले' तुम्ही नक्की म्हटलं असेल, कदाचित तुमच्या भजनी मंडळातही. ते तुकोबांचं नाही. गाथेत शोधून सापडणार नाही. शांताराम आठवल्यांनी ते सिनेमासाठी लिहिलं. मी स्वतः ते कीर्तनात तुकोबांचं म्हणून ऐकलंय आणि बुवांना सांगायला गेले नाही, कारण समोरच्या बायकांचे डोळे भरले होते. तिकीट काढून बघायच्या खेळातून देवघरात आलेली ही गोष्ट. तिला आता परत कोण पाठवणार?

पण हे सगळं वाचून 'देवाधर्माचं असलं की चांगलं' असं धरू नका. त्याबद्दल मला एक सांगायचंय.

१९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा मी शाळेत होते. आजी आंघोळ करून, टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून बसायची. गल्लीत ज्यांच्याकडे टीव्ही नव्हता त्यांची मुलं आमच्याकडे यायची. काही आत सतरंजीवर बसायची आणि काही ओसरीवर, उंबऱ्याच्या बाहेर, खिडकीच्या गजांतून बघायची. कोणी कुठे बसायचं हे कुणी सांगत नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं. शबरीचा भाग लागला त्या रविवारी आजीने डोळ्यांना पदर लावला. पडद्यावर श्रीराम उष्टी बोरं खात होते आणि ओसरीवरची मुलं ओसरीवरच होती. भाग संपल्यावर आजीने सगळ्यांना साखरफुटाणे वाटले. बाहेरच्यांना वरून, हात लागणार नाही असे. आजी वाईट नव्हती, हरिपाठ मी तिच्याकडूनच शिकले. आणि मलाही तेव्हा काही खटकलं नव्हतं, मी सतरंजीवर होते. खटकलं ते पुष्कळ वर्षांनी.

तेव्हापासून, काय बघितलं यापेक्षा बघून उठलेला माणूस कसा आहे, याकडे मी जास्त बघते. तुम्हीही स्वतःकडे तसं बघा. त्या आईचा प्रसंग तीनदा पाहणारी बाई आणि चाकू कसा घुसला ते तीनदा मागे नेऊन पाहणारी बाई, दोघी एकच सिरीज बघत असल्या तरी उठताना सारख्या नसतात. तपासायला एक सोपी खूण सांगते. सकाळी पेपरात खुनाची बातमी आली की तुमच्या मनात पहिलं काय येतं? 'अगं बाई, बिचारी' येतं, की 'नवऱ्यानेच केला असणार'? ज्या आठवड्यात ओळीने सहा भाग बघितले त्या आठवड्यात बघा, आणि ज्या आठवड्यात एकही बघितला नाही त्यातही बघा. 'बिचारी' मागे पडत चालली असेल तर थांबायला हवं, आणि तेव्हा मी तुम्हाला मोबाईलच ठेवा म्हणेन. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. त्या बाई इन्स्पेक्टरकडे तुम्ही परत परत जाता, कारण ती ऐकून घेते. कदाचित तुम्हालाही कुणीतरी तसं ऐकून घ्यायला हवंय.

इथे ब्राइटनेस येते. तुम्हाला वाटतं तुम्ही सिरीज लपवत होतात. मला वाटतं तुम्ही वेळ लपवत होतात. समजा उद्या रात्री साडेअकराला तुम्ही ट्यूबलाइट लावून गाथा उघडून बसलात. घरचे काय म्हणतील? 'आता कशाला? झोप की, सकाळी डबे आहेत.' म्हणजे गाथेलाही पांघरुणातच जावं लागलं असतं! दिवसभर नोकरी, संध्याकाळी हरिपाठ, मग पोळ्या, मग ओटा. घरातल्या प्रत्येकाला आठ ते नऊ असा एक रीतसर, दिव्याखालचा, पाय पसरून बसायचा तास आहे. तुमच्या वाट्याला त्या तासाचा फक्त आवाज येतो, आणि स्वतःचा तास तुम्ही झोपेतून चोरून काढता. पाप शोधायचंच असेल तर त्या वाटणीतही थोडं सापडेल, आणि ते तुमच्या एकटीच्या खात्यावर नाही.

म्हणून पहिलं काम असं करा: तो तास उजेडात मागा. नवऱ्याला स्पष्ट सांगा की आठवड्यातले तीन दिवस जेवणानंतरचं आवरणं तो आणि मुलगी बघतील आणि साडेनऊ ते साडेदहा तुम्ही कुणाच्या नाही. कारण विचारलं तर 'मला सिरीज बघायचीय' म्हणा. भजनाला जातेय, डोकं दुखतंय, असली पांघरुणं घेऊ नका. पहिल्या दिवशी हे म्हणताना जीभ जड होईल. सासूबाई 'कसली गं सिरीज?' म्हणतील. सांगा. कोण जाणे, त्या शेजारी येऊन बसतील आणि दुसऱ्या भागात खुनी ओळखतील. आठच्या मालिकांवर तयार झालेली नजर आहे ती.

आणि झोप. दीडला झोपून साडेपाचला उठणाऱ्या बाईचं मन हरिपाठात लागत नाही, यात पाप किती आणि जागरण किती, हे आधी वेगळं करून बघा. महिनाभर अकराला झोपा आणि मग मला सांगा. बघणं थांबवल्यावरही झोप येत नसेल, दचकून जाग येत असेल किंवा अंधारात भीती वाटत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे, महाराजांना नाही.

हरिपाठात मन भटकणं तसं जुनंच. मोबाईलच्या आधी ते चुलीवरच्या दुधाकडे जायचं. संतांनी मनाच्या या चंचलपणाच्या थेट पांडुरंगाकडे तक्रारी केल्यात, तेव्हा तुम्ही एकट्या नाही. फरक एवढाच की दुधाला तुमचं लक्ष ओढायचा पगार मिळत नव्हता. सिरीज लिहिणाऱ्यांना मिळतो. भाग नेमका दार वाजतं तिथे संपतो आणि कोपऱ्यात उलटे आकडे पळायला लागतात. तुम्ही काही केलं नाहीत तरी पुढचा भाग आपोआप चालू. कीर्तन कितीही रंगात आलं तरी शेवटी आरती होते. लोक उठतात, बुवांच्या पाया पडतात, प्रसाद घेतात, मांडवाबाहेर अंधारात चपला शोधतात. त्या चपला शोधता शोधता माणूस घरचा होतो. सिरीजला आरती नसते, ती तुम्हालाच करावी लागणार. सेटिंगमध्ये जाऊन 'ऑटोप्ले' बंद करा, दोन मिनिटांचं काम आहे, जमलं नाही तर मुलीला सांगा. दुसरी युक्ती माझी स्वतःची: भाग संपेपर्यंत थांबूच नका. गाठ शेवटी मारलेली असते. मध्येच, दोन हवालदार चहा पीत गप्पा मारतायत अशा कंटाळवाण्या जागी बंद करा. तिथून उठणं फार सोपं जातं. मग मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, तोंड धुवा, आणि हरिपाठातला तुमच्या आवडीचा एकच अभंग मनात म्हणा. पाठ म्हणून नको, चपला शोधल्यासारखा म्हणा.

एकादशीचाही उपयोग करून घ्या. महिन्यातून दोनदा ती येतेच आणि पोटाला नेम आहेच, डोळ्यांनाही एक दिवस द्या. बाकी काही नको, त्या रात्री साडेअकराला हात किती वेळा मोबाईलकडे गेला तेवढं मोजा. तीनदा गेला, दहादा गेला, आकडा कुणाला सांगायचा नाही. कोण कुणाला धरून आहे ते चार एकादश्यांत कळेल. मात्र हे स्वतःपुरतं. सासूबाईंची मालिका बंद करायला निघालात तर मी तुमच्या बाजूने उभी राहणार नाही. मागे एका ख्रिस्ती आजोबांचं पत्र आलं होतं. त्यांनी उपवासकाळाचे ४० दिवस टीव्हीवरचं क्रिकेट सोडलं होतं, आणि पंधराव्या दिवशी नातवंडं विनवायला लागली की आजोबा, सामना बघा, पण ओरडू नका. सोडलेल्या गोष्टीची किंमत घरातले भरत असतील तर ते सोडणं परत एकदा तपासून बघावं लागतं, धर्म कुठलाही असो.

आता लेक. तुम्ही विचारता कुठल्या तोंडाने सांगू. ज्या तोंडाने झापलंत त्याच तोंडाने, पण हरिपाठाच्या वेळी नको आणि समोरासमोर बसवूनही नको. स्कूटरवर ती मागे असेल तेव्हा बोला. तोंडं दिसत नसली की सोळा वर्षांच्या मुली बऱ्या बोलतात. वाक्य लांबवू नका. 'तुला त्या रात्री जे दिसलं ते खरंय. मी बघते. तुला एक सांगून मी दुसरं करत होते, ते चुकलं.' एवढंच. त्याला 'पण' जोडू नका. 'म्हणून आता हरिपाठाला बस' हे तर अजिबात नको, नाहीतर माफी मागितली ती सौद्यासाठी असं होईल. हरिपाठाला ती येईल किंवा येणार नाही. माझ्या ओळखीतली किती तरी पोरं पंधराव्या वर्षी उठून गेली आणि तिशीत, कुणी न बोलावता, टाळ घेऊन बसली. काही आलीही नाहीत आणि तीही भली माणसं आहेत. तिला जे खटकलं ते बहुतेक देव नसावा. सकाळी तिला बोलणारी आई आणि रात्री पांघरुणातली आई, यांतली खरी कोणती, हे तिला कळेना.

मग तिला म्हणा, तो भजनी मंडळाचा प्रसंग मला परत दाखव. दोघी मिळून बघा आणि थट्टा नेमकी कुणाची आहे ते बघा. पेटीवाला आणि गाणारे बुवा पट्टीवरून भांडतायत, माईक सगळ्यांना स्वतःकडे हवाय, अभंगापेक्षा चहाची वाट जास्त बघितली जातेय, असलं काही असेल तर ताई, ते खरं आहे आणि तुमचे सासरेही हसतील. ढोंगाला संतांनी जे फटके मारलेत त्यापुढे ही सिरीज फारच सौम्य असणार. पण 'हे लोक गावठी, अडाणी, म्हणून यांना हसायचं' असा सूर असेल तर तो हलकटपणा आहे, आणि तसं तिला सांगा. 'देवाचा अपमान' म्हणू नका, देव सांभाळेल स्वतःला. 'मला त्यात तुझे आजोबा दिसले आणि वाईट वाटलं' असं म्हणा. यावर तिला वाद घालता येणार नाही. आणि ती क्लिप रागारागाने चार ग्रुपवर पाठवून 'बघा काय चाललंय' करू नका. ज्यांनी पाहिली नव्हती तेही बघतील, एवढंच त्यातून निघेल.

तिच्या बघण्यावर लक्ष असावं असं मलाही वाटतं, पण ते उघड असावं. २०२१च्या नियमांपासून ओटीटीवाल्यांना प्रत्येक गोष्टीवर वयाचा शिक्का दाखवावा लागतो: ७+, १३+, १६+ आणि फक्त प्रौढांसाठी, सोबत हिंसा, भाषा वगैरे काय आहे तेही. १३+ आणि त्यावरच्यांना पालकांनी लावायचं कुलूपही द्यावं लागतं. तुमच्या प्रोफाइलला पिन घाला आणि तिला सांगून घाला. शिक्का काही तुमचं काम करणार नाही, १६+ मध्येही टाकाऊ माल भरपूर असतो, पण बोलणं कुठून सुरू करायचं ते त्याने सोपं होतं. आणि महिन्यातून एकदा तिने निवडलेला एक भाग तिच्यासोबत, तोंड वाकडं न करता बघा. मी माझ्या भाचीबरोबर बघते. निम्मं कळत नाही, उरलेल्या निम्म्यात ती मला तिच्या कॉलेजबद्दल असं काही सांगून जाते जे विचारून कधी कळलं नसतं.

शेवटी, तुमच्या सिरीजचे दोन भाग राहिलेत असं ताजा कलममध्ये लिहिलंयत. ते टाकून देऊ नका. खुनी कळल्याशिवाय हरिपाठात तो येतच राहणार. त्यावरचा शिक्का १६+ असेल तर शनिवारी, आवरून झाल्यावर, बाहेरच्या खोलीत दिवा लावून बघा आणि लेकीला हाक मारा. इअरफोन लागणार नाही. आणि शेवटी काय झालं ते मला कळवा, कारण तुम्ही सांगितल्यापासून मीही ती बघायला घेतलीय आणि मला त्या डॉक्टरचा संशय आहे.